मतं मोजली, पण प्रतिनिधी किती?

अमेरिकेतला ‘कॉकस’ आणि आपल्या गावचा ‘ठराव’

जिल्हा बँकेची निवडणूक जवळ आली, की केमसारख्या गावात पारावर आणि चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. “काय ओ, सोसायटीचा ठराव कुणाच्या नावानं झाला?”

मोठी माणसं हा प्रश्न इतक्या कळकळीनं का विचारतात, याचं तुम्हांला कधी नवल वाटलं आहे का?

केम हे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं गाव. कुर्डुवाडी आणि जेऊर यांच्यामधलं रेल्वे स्टेशन. केमचं कुंकू तर लांबलांबपर्यंत जातं. अशा शेतकऱ्यांच्या गावांत विविध कार्यकारी सहकारी सोसायटी असते. शेतकरी तिचे सभासद असतात आणि पीककर्ज तिच्यामार्फत मिळतं. ही सोसायटी स्वतः जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची सभासद असते. आता बँकेचे संचालक निवडायचे झाले, तर गावोगावचे सगळे शेतकरी सोलापूरला जाऊन मत देतात का? नाही. सोसायटीच्या वतीनं एकच माणूस मत देतो. तो कोण, हे सोसायटी ठराव करून कळवते. म्हणून ठराव कुणाच्या नावानं झाला, याला एवढं महत्त्व!

आता यातली गंमत पाहा. एका सोसायटीत दीडशे सभासद आहेत आणि शेजारच्या सोसायटीत दीड हजार. दोघींचा ठराव एकच आणि मतही एकच! म्हणजे ‘माणसं किती’ हा एक प्रश्न झाला आणि ‘त्यांच्या वतीनं वर जाणारे किती’ हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरं नेहमी जुळतातच असं नाही.

एवढं ध्यानात ठेवा आणि चला, जाऊ या थेट अमेरिकेला. कारण जगातल्या सगळ्यांत गाजलेल्या निवडणुकीची सुरुवातही कित्येक वर्षं अशाच एका हिशोबानं होत आली आहे.

निवडणुकीआधीची निवडणूक

अमेरिकेत दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष निवडतात. तिथे मोठे पक्ष दोन, डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन. पण प्रत्येक पक्षात राष्ट्राध्यक्ष व्हायची इच्छा असणारे पाच-दहा जण तरी असतातच. मग पक्षाचा उमेदवार कोण? आपल्याकडे बहुतेक पक्षांत हे नेतेमंडळी ठरवतात. अमेरिकेत मात्र ते राज्याराज्यांतले मतदार ठरवतात.

मतदार थेट उमेदवार निवडत नाहीत, बरं का! प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक प्रतिनिधी आलेले असतात. त्यांना तिथे ‘डेलिगेट’ म्हणतात. राज्यातल्या कौलाप्रमाणे हे प्रतिनिधी उमेदवारांमध्ये वाटले जातात. उन्हाळ्यात पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन भरतं. तिथे ज्याच्या बाजूनं निम्म्याहून जास्त प्रतिनिधी, तो पक्षाचा उमेदवार. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे एकूण २,४२९ प्रतिनिधी होते. म्हणजे जिंकायला किमान १,२१५ हवे होते.

कौल घेण्याच्या पद्धती दोन. एक ‘प्रायमरी’. ही आपल्या ओळखीची : केंद्रावर जायचं, गुपचूप मत द्यायचं आणि घरी यायचं. दुसरी ‘कॉकस’. कॉकस म्हणजे सभा! ठरलेल्या संध्याकाळी वस्तीतल्या पक्षाच्या मतदारांनी शाळेच्या हॉलमध्ये, चर्चमध्ये किंवा वाचनालयात जमायचं, चर्चा करायची आणि तिथेच कौल द्यायचा. आपली ग्रामसभा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र स्पष्ट होईल.

कॉकससाठी सगळ्यांत प्रसिद्ध राज्य म्हणजे आयोवा. मक्याचं आणि डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांचं हे राज्य. लोकसंख्या जेमतेम बत्तीस लाख, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याहूनही कमी! पण १९७० च्या दशकापासून कित्येक निवडणुकांत दोन्ही पक्षांचा पहिला कौल इथूनच यायचा. त्यामुळे ऐन हिवाळ्यात, बर्फ पडत असताना साऱ्या जगाचे पत्रकार तिथे धावायचे. डेमोक्रॅटिक पक्षाची २०२० पर्यंतची पद्धत तर फारच मजेशीर होती. आपण ती आपल्याच भाषेत समजून घेऊ.

सहल कुठे न्यायची?

समजा, केमच्या एका शाळेत सहल ठरवायची आहे. शाळेची सभा भरणार असून प्रत्येक वर्गानं आपले प्रतिनिधी पाठवायचे आहेत. आठवीच्या वर्गाला ४ प्रतिनिधी मिळाले आहेत. आज वर्गात ६० मुलं-मुली हजर आहेत.

बाई म्हणाल्या, “चिठ्ठ्या नकोत. ज्याला जे ठिकाण हवं, त्यानं त्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं.”

झाली पळापळ! कोपरे भरले ते असे :

पंढरपूर – २३
उजनी धरण – १८
सोलापूरचा भुईकोट किल्ला – १२
करमाळ्याचं कमलाभवानी मंदिर – ७

नियम पहिला : किमान १५ टक्के. ज्या गटात हजर असलेल्यांपैकी १५ टक्केसुद्धा नाहीत, तो गट बाद. ६० चे १५ टक्के म्हणजे ९. करमाळ्याच्या कोपऱ्यात सातच जण, म्हणून तो गट बाद झाला. (आयोवात ज्या सभेला चारपेक्षा कमी प्रतिनिधी मिळत, तिथे ही अट याहून कडक असे.)

नियम दुसरा : पुन्हा निवड. बाद झालेल्या गटातल्यांना दुसरी संधी मिळते. त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जावं किंवा नाद सोडून घरी जावं. आता बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांतून हाका सुरू होतात. “अगं, इकडे ये ना! उजनीला पक्षी बघायला मिळतील!” “किल्ल्यावर चल रे, करमाळ्याला काय, कधीही जाता येईल!” आयोवातसुद्धा अगदी असंच चाले. शेजारी शेजाऱ्याला, मावशी भाचीला ओढत असे. आपल्या सात जणांपैकी पाच उजनीकडे गेले आणि दोन किल्ल्याकडे. नवा हिशोब :

पंढरपूर – २३
उजनी – २३
किल्ला – १४

बघा, पहिल्या फेरीत पंढरपूर पाच मतांनी पुढे होतं. आता बरोबरी झाली!

नियम तिसरा : गुणाकार-भागाकार. गटातली मुलं गुणिले वर्गाचे प्रतिनिधी भागिले एकूण हजेरी. वही घ्या आणि करून पाहा.

पंढरपूर : २३ × ४ ÷ ६० = १.५३
उजनी : २३ × ४ ÷ ६० = १.५३
किल्ला : १४ × ४ ÷ ६० = ०.९३

दीड प्रतिनिधी काही पाठवता येत नाही! म्हणून जवळचा पूर्णांक घ्यायचा. अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर वर, कमी असेल तर खाली. म्हणजे पंढरपूरला २, उजनीला २ आणि किल्ल्याला १. बेरीज किती झाली? पाच! पण प्रतिनिधी तर चारच आहेत. आता?

नियम चौथा : एक कमी करा. ज्याचा अपूर्णांक सगळ्यांत लहान असूनही वर ढकलला गेला, त्याचा एक प्रतिनिधी कापायचा. पण ज्या गटाला एकच मिळाला आहे, त्याचा तो काढून घ्यायचा नाही. म्हणजे किल्ला सुरक्षित. उरले पंढरपूर आणि उजनी, दोघांचे अपूर्णांक अगदी सारखे. मग काय करायचं? छापा-काटा!

हसू नका. आयोवात हे खरंच होत असे. २०१६ साली हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांच्यात अटीतटीची लढत झाली. क्लिंटन यांना ४९.८ टक्के आणि सँडर्स यांना ४९.६ टक्के. त्या रात्री काही ठिकाणी नाणं उडवून प्रतिनिधी ठरले आणि त्याची चर्चा जगभर झाली.

आता आपल्या वर्गात जरासा बदल करून पाहू. करमाळ्याच्या गटातले पाचाऐवजी चारच उजनीकडे गेले आणि तीन किल्ल्याकडे, असं समजा. मग गट होतात २३, २२ आणि १५. हिशोब करा : १.५३, १.४७ आणि १. प्रतिनिधी २, १ आणि १. बेरीज बरोबर चार, म्हणजे नाणं उडवायचं कारणच नाही. एका मुलीची पावलं उजनीऐवजी किल्ल्याकडे वळली आणि पंढरपूरचे दोन प्रतिनिधी पक्के झाले. आणि ती तर पंढरपूरच्या गटात कधी नव्हतीच!

हजेरी वाढली तरी वाटा तेवढाच

आठवीला ४ प्रतिनिधी आधीच ठरलेले होते. समजा, त्या दिवशी पाऊस पडला आणि ६० ऐवजी २० च मुलं आली. तरी प्रतिनिधी चारच! म्हणजे एरवी १५ मुलांमागे एक प्रतिनिधी, तर पावसाच्या दिवशी ५ मुलांमागे एक. त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकाच्या मताचं वजन तिप्पट झालं.

आयोवात असंच होतं. आधीच्या निवडणुकांत पक्षाला कुठे किती मतं मिळाली, ते पाहून प्रत्येक वस्तीचे प्रतिनिधी आधी ठरवलेले असत. सभेच्या रात्री कॉलेजच्या आसपास हॉल ओसंडून वाहिला, तरी तिथला वाटा वाढत नसे. आठवतो ना सोसायटीचा ठराव? दीडशे सभासद असोत की दीड हजार, मत एकच. तीच गोष्ट इथे वेगळ्या रूपात दिसते.

जास्त मतं एकाला, जास्त प्रतिनिधी दुसऱ्याला

३ फेब्रुवारी २०२०. आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाचे सुमारे पावणेदोन लाख मतदार सभांना आले. निकाल कळवण्यासाठी एक नवं मोबाइल ॲप आणलं होतं. ते ऐन वेळी बिघडलं आणि निकाल लागायला कित्येक दिवस गेले. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

पूर्वी पक्ष फक्त प्रतिनिधींचा आकडा जाहीर करायचा. या वेळी पहिल्यांदाच तीन आकडे जाहीर झाले : पहिल्या फेरीतली माणसं, दुसऱ्या फेरीतली माणसं आणि प्रतिनिधींचा हिशोब. लोकांनी पाहिलं तर काय! पहिल्या फेरीत बर्नी सँडर्स सुमारे सहा हजार मतांनी पुढे होते. दुसऱ्या फेरीनंतरही ते दोन हजारांहून जास्त मतांनी पुढेच होते. पण प्रतिनिधींच्या हिशोबात पीट बुटिजेज २६.२ टक्के आणि सँडर्स २६.१ टक्के! राष्ट्रीय अधिवेशनाला आयोवातून जाणाऱ्या ४१ प्रतिनिधींपैकी बुटिजेज यांना १४ मिळाले आणि सँडर्स यांना १२.

यात कुणी लबाडी केली का? नाही. सँडर्स यांचे पाठीराखे मोठ्या गावांत आणि कॉलेजांच्या परिसरात एकवटले होते, तर बुटिजेज यांचे राज्यभर, लहान गावांत आणि खेड्यांतही पसरले होते. नियम तोच, गणितही बरोबर. पण माणसं कुठे उभी आहेत, यावर उत्तर बदललं.

नेवाडा राज्यात जानेवारी २००८ मध्ये असाच चमत्कार झाला होता. हिलरी क्लिंटन यांना सुमारे ५१ टक्के कौल मिळाला आणि बराक ओबामा यांना ४५ टक्के. पण त्या रात्रीच्या हिशोबात ओबामांना १३ प्रतिनिधी आणि क्लिंटन यांना १२! हे सम-विषम संख्यांचं गणित आहे. एखाद्या भागात ४ प्रतिनिधी असतील आणि कौल ५८ विरुद्ध ४२ असेल, तर वाटणी होते २.३२ आणि १.६८, म्हणजे शेवटी दोन-दोन. इतकी मोठी आघाडी घेऊनही फायदा शून्य! पण प्रतिनिधी ३ असतील आणि कौल ५१ विरुद्ध ४९ असेल, तर १.५३ आणि १.४७, म्हणजे दोन आणि एक. चिमूटभर आघाडी आणि एक प्रतिनिधी जास्त. ओबामांच्या माणसांनी हे गणित आधीच नीट करून ठेवलं होतं.

पायरीपायरीनं वर

अजून एक गोष्ट राहिली. आपल्या खेळांच्या स्पर्धांत संघ शाळेतून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून विभागाला जातो ना? कॉकसचे प्रतिनिधीही तसेच चढत जातात. वस्तीच्या सभेतून काउंटीच्या अधिवेशनात, तिथून वरच्या विभागात, मग राज्यात आणि शेवटी देशपातळीवर. आयोवात अशा ९९ काउंट्या आहेत. प्रत्येक पायरीवर माणसं गळतात आणि शेवटपर्यंत चिकाटीनं टिकणाऱ्यांचं फावतं.

२०१२ साली आयोवाच्या रिपब्लिकन पक्षात हेच झालं. पहिल्या रात्री मिट रॉम्नी ८ मतांनी जिंकल्याचं सांगितलं. मग कागद नीट तपासले, तेव्हा रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. या दोघांची चर्चा चालू असताना तिसऱ्या क्रमांकावरच्या रॉन पॉल यांचे कार्यकर्ते प्रत्येक पायरीवरच्या सभेला न चुकता हजर राहिले. शेवटी राष्ट्रीय अधिवेशनाला गेलेल्या २८ प्रतिनिधींपैकी वीसहून जास्त जण पॉल यांच्या बाजूचे होते! कारण त्या काळी तिथल्या रिपब्लिकन पक्षात रात्रीचा कौल प्रतिनिधींवर बंधनकारक नव्हता. पुढे पक्षानं हा नियम बदलला. १५ जानेवारी २०२४ ला कडाक्याच्या थंडीत सभा झाल्या, तेव्हा लोकांनी चिठ्ठीवर गुप्त मत दिलं आणि ४० प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले गेले. डोनाल्ड ट्रम्प २०, रॉन डिसँटिस ९, निकी हेली ८ आणि विवेक रामस्वामी ३. इथे १५ टक्क्यांची अट नव्हती. म्हणून जेमतेम पावणेआठ टक्के मतं मिळवणाऱ्या रामस्वामींनाही तीन प्रतिनिधी मिळाले.

आणि आपल्या देशात?

आपल्याकडे पक्षांचे कॉकस नाहीत. पण ‘मताचं वजन’ आणि ‘दुसरी पसंती’ या दोन्ही गोष्टी आपल्या घरच्याच आहेत. भारताचे राष्ट्रपती कसे निवडतात, ते पाहा.

राष्ट्रपतींना निवडून आलेले खासदार आणि आमदार मत देतात. पण सगळ्या आमदारांच्या मताची किंमत सारखी नसते. राज्याची १९७१ च्या जनगणनेतली लोकसंख्या घ्यायची, तिला आमदारांच्या संख्येनं भागायचं आणि आलेल्या उत्तराला १,००० नं भागायचं. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ आणि आमदार २८८. उत्तर येतं १७५.०४, म्हणजे १७५. तेव्हा करमाळ्याच्या आमदाराचं एक मत म्हणजे १७५ मतं! उत्तर प्रदेशाच्या आमदाराचं २०८ आणि सिक्कीमच्या आमदाराचं फक्त ७. २०२२ च्या निवडणुकीत एका खासदाराच्या मताची किंमत ७०० होती.

आता दुसरी पसंती. मतपत्रिकेवर १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत, तर सगळ्यांत मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं त्यांवरच्या पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. म्हणजे कोपरा बदलणंच, फक्त कागदावर आणि गुपचूप.

ऑगस्ट १९६९ मध्ये या नियमानं राष्ट्रपती ठरले आणि त्या गोष्टीत एक मराठी माणूस होता. चिंतामणराव देशमुख! रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं. १९६९ च्या निवडणुकीत ते तिसरे उमेदवार होते. पहिल्या पसंतीचे आकडे असे :

व्ही. व्ही. गिरी – ४,०१,५१५
नीलम संजीव रेड्डी – ३,१३,५४८
चिंतामणराव देशमुख – १,१२,७६९

जिंकायला ४,१८,१६९ मतं हवी होती आणि तेवढी कुणालाच मिळाली नाहीत. मग मागे राहिलेल्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजायला घेतली. यांतली बहुतेक मतं रेड्डींकडे गेली. गिरींना मात्र थोडीच हवी होती आणि तेवढी मिळाली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. गिरी राष्ट्रपती झाले. देशमुख हरले खरे, पण त्यांना मत देणाऱ्यांची दुसरी पसंती वाया गेली नाही. तिनंच निकाल लावला.

सगळ्यांना येता येतं का?

मुलांनो, कॉकसमध्ये एक गोष्ट फार चांगली होती. लोक समोरासमोर बसत, एकमेकांचं ऐकत आणि प्रसंगी मत बदलत. पण संध्याकाळी सात वाजता, बर्फातून, दोन-दोन तास सभेला कोण येऊ शकतं? रात्रपाळीचा कामगार? तान्ह्या बाळाची आई? काठी टेकत चालणारे आजोबा? आणि मालकाच्या देखत वेगळ्या कोपऱ्यात उभं राहायला नोकराला संकोच वाटणार नाही का? अशा तक्रारी वाढत गेल्या. २०२० च्या गोंधळानंतर डेमोक्रॅटिक पक्षानं आयोवाचा पहिला मान काढून घेतला. २०२४ साली तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांनी टपालानं पसंती कळवली.

आपल्या ग्रामसभेलाही हे प्रश्न लागू पडतात. ग्रामसभेत हात वर करून ठराव होतात. ती भरायला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल तेवढे हजर लागतात. म्हणजे हजारो मतदारांच्या गावाचा निर्णय शंभर माणसं घेऊ शकतात! बायकांना मोकळेपणी बोलता यावं, म्हणून ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा महाराष्ट्रात नियम आहे. तुमच्या गावात ती होते का? आईला विचारा. झाली तेव्हा आई गेली होती का, हेही विचारा.

सरपंचाचंच पाहा. बरीच वर्षं निवडून आलेले सदस्य सरपंच निवडत. २०१७ मध्ये गावकऱ्यांनी थेट निवडायचं ठरलं. २०२० मध्ये पुन्हा सदस्यांकडे गेलं आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट झालं. गाव तेच, मतदार तेच, पण मोजायची रीत बदलली की सरपंच बदलू शकतो. म्हणून ‘कोण निवडून आलं?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘कसं मोजलं?’ हेही विचारा. आणि हा प्रश्न निकालाआधी विचारलेला बरा. हरल्यावर नियमाबद्दल बोललं, तर लोक त्याला रडीचा डाव म्हणतात!

करून पाहा

वर्गात पुढच्या वेळी सहल, नाटक किंवा खेळ ठरवायचा असेल, तेव्हा एकच मतदान तीन रीतींनी मोजा. (१) ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो जिंकला. (२) कोपऱ्यात उभं राहून, १५ टक्क्यांची अट लावून, प्रतिनिधी वाटून. (३) चिठ्ठीवर १, २, ३ अशी पसंती लिहून. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं का? नसेल, तर कोणती रीत सगळ्यांना न्याय देणारी वाटली, यावर वर्गात चर्चा करा. घरी आई-बाबांनाही खेळात घ्या. रविवारी जेवायला काय करायचं, हा विषय उत्तम!

डोकं चालवा

१. वर्गात ४० मुलं, प्रतिनिधी ५. गट पडले १७, १२, ८ आणि ३. (अ) तीनच्या गटातली सगळी मुलं बाराच्या गटात गेली, तर कुणाला किती प्रतिनिधी? (आ) ती सगळी सतराच्या गटात गेली, तर काय होईल?

२. एका कल्पित राज्याची लोकसंख्या २ कोटी ४० लाख आणि आमदार १६०. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तिथल्या आमदाराच्या मताची किंमत किती?

उत्तरे : १. (अ) १७, १५ आणि ८ या गटांना २, २ आणि १ प्रतिनिधी. (आ) गट २०, १२ आणि ८, हिशोब २.५, १.५ आणि १. पूर्णांक ३, २ आणि १, म्हणजे बेरीज सहा. एक कमी करायला हवा, पण २० आणि १२ या दोन्ही गटांचे अपूर्णांक सारखेच. तेव्हा छापा-काटा! २. १५०.